झाडं तोडल्यावर वाढलेलं पाणी

मी नाकेदार झालो तेव्हा मला अंजन आणि धावडा यांतला फरक कळत नव्हता. जंगलाच्या शिपायाला आमच्याकडे नाकेदार म्हणतात. माझे वडील चिखलीच्या धान्यबाजारात मापाडी होते, आणि आमच्या घरात जंगलाशी कुणाचा संबंध सरपणापलीकडे नव्हता. मी मॅट्रिक झालो, दौडीत पास झालो, छाती मापात बसली आणि अंगावर खाकी कपडे आले. महाराष्ट्र राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. कचेरीतल्या छापील कागदांवर जुन्याच राज्याचं नाव असायचं, आणि कारकून ते खोडून वर नवं नाव लिहायचा.

पहिली नेमणूक मिळाली ती घाटाखाली, मोताळ्याच्या अंगाला. बुलढाण्याचं पठार जिथे संपतं तिथून डोंगर एकदम खाली उतरतो. त्या उताराचा एक तुकडा माझ्या ताब्यात आला. चिखलीतून निघताना आईने स्वेटर दिला होता. खाली उतरलो तर मार्चमध्येच दगड हाताला चटका देत होते. स्वेटर वर्षभर ट्रंकेतच राहिला.

जाण्याआधी खात्याने आम्हा नव्या पोरांना पंधरा दिवस शिकवलं. तोडायच्या झाडांवर हातोड्याची खूण कशी मारायची, वणवा अडवायची जाळरेषा कशी साफ ठेवायची, पंचनामा कसा लिहायचा. त्यातलं एक वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलं: डोंगरावरची झाडं पाणी धरून ठेवतात, झाडं गेली की झरे जातात. मी शाळेतही हेच वाचलं होतं. त्यामुळे याबद्दल मला जराही शंका नव्हती. खरं तर त्या वयात मला कशाबद्दलच शंका नव्हती.

पायथ्याच्या गावापासून अर्ध्या तासाच्या चढावर एक झिरा होता. वर लालसर मुरूम, खाली काळा पाषाण, आणि दोन्हींच्या सांध्यातून पाणी बाहेर पडायचं. खाली दगडाचं एक टाकं होतं, ते भरलं की पाणी ओहोळातून गावाकडे निघायचं. गावाच्या वरच्या टोकाला एका माळीणबाईचा मळा होता. दीडेक एकराचा. वांगी, मिरची, गवार, कांदे. सगळा त्या ओहोळावर. बाई पन्नाशीच्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. घरात मुलगा आणि सून. माल डोक्यावर घेऊन मोताळ्याच्या बाजाराला त्या स्वतः जायच्या. सगळं गाव त्यांना मावशी म्हणायचं, म्हणून मीही म्हणू लागलो.

आमची पहिली भेट मात्र भांडणाची. त्या बकऱ्यांसाठी डहाळ्या तोडत होत्या आणि मी त्यांच्या हातातला विळा काढून घेतला.

"धावडा तोडायची मनाई आहे," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे, मग झाडाकडे पाहिलं. "धावडा?"

"हो."

"मंग धावडा कुठं तोडला मी? हे अंजन हाये, नाकेदारभाऊ. पान पाह्य, जोडीचं. दोन खूर असल्यावानी." त्यांनी एक डहाळी माझ्या हातात दिली. "चव पाह्य. बकरी काऊन खाते थे समजन तुले."

मी खरंच पान चावलं. तुरट होतं. मावशी पोट धरून हसल्या आणि मी विळा परत दिला. पुढची दोन वर्षं मी जंगल त्यांच्याकडून शिकलो. सालईचा डिंक, मोईची साल, तेंदूचं पान खुडायचं कोवळेपण, कुसळी गवत कधी कापायचं. त्या माझ्या आईच्या वयाच्या, पण काही विचारलं की म्हणायच्या, "मले काय ठाव? तू सरकारचा मानूस." आणि लगेच सगळं सांगायच्या.

दुसऱ्या हिवाळ्यात माझ्या हद्दीतला एक कूप तोडीला निघाला. कूप म्हणजे त्या वर्षीच्या तोडीसाठी आखून दिलेला जंगलाचा तुकडा. नकाशा उलगडला तेव्हा माझ्या लक्षात आलं की तो तुकडा बरोबर झिऱ्याच्या डोक्यावर येतोय. आमचे रेंजरसाहेब पुण्याकडचे होते. शांत माणूस. माझ्या बोलण्यातला वऱ्हाडी हेल ऐकला की त्यांच्या ओठांच्या कडेला हसू यायचं. मी त्यांना म्हणालो, "साहेब, खाली मळा आहे. झाडं गेली तर पाणी जाईल."

"झऱ्याच्या दोन्ही बाजूंना पट्टा सोडायचा नियम आहे. तो सोड," ते म्हणाले. "बाकी कूप ठरलेला आहे. तो तू किंवा मी ठरवलेला नाही."

मी पट्टा सोडला. जरा जास्तच सोडला. उरलेल्या झाडांवर हातोड्याची खूण मारताना मावशी वर आल्या आणि एका खडकावर बसून राहिल्या. मी दहाबारा झाडं केली. मग त्यांनी विचारलं, "भाऊ, पानी जाईन काय?"

मी म्हणालो, "जाईल, मावशी. लगेच नाही, पण जाईल. झाडं पाणी धरून ठेवतात."

"पक्कं?"

"पक्कं."

त्या वर्षी मावशींनी मळ्याचा खालचा निम्मा तुकडा लावलाच नाही. मिरचीची रोपं तयार होती, ती त्यांनी शेजारच्या गावात वाटून टाकली. उन्हाळ्यात पाणी पुरणार नाही, मग हिरवी रोपं डोळ्यांदेखत जळताना पाहायची कशाला, असं त्यांचं म्हणणं. मला त्याचं वाईट वाटलं, आणि आत कुठेतरी थोडा अभिमानही. माझ्या शब्दावर एका अनुभवी बाईने आपलं पीक ठरवलं होतं.

ठेकेदाराचे मजूर आले. कुऱ्हाडीचे आवाज दीड महिना चालले. मग कोळशाच्या भट्ट्या लागल्या आणि उतारावर धूर पसरून राहिला. फाल्गुनात सगळं आटोपलं तेव्हा मधला पट्टा सोडून डोंगराची पाठ उघडी पडली होती.

मग चैत्र आला. दरवर्षी चैत्रात झिऱ्याची धार करंगळीएवढी व्हायची आणि वैशाखात सुतासारखी. त्या वर्षी चैत्र संपत आला तरी धार मनगटाएवढी होती. मी पाहायला गेलो तर मावशी टाक्यापाशी उभ्या होत्या. पाणी टाक्याच्या काठावरून सांडत होतं.

"पाह्य," त्या म्हणाल्या.

मी पाहिलं. मला वाटलं, वर कुठेतरी काही साचलं असेल, चारआठ दिवसांत उतरेल. आम्ही घागर लावली. ती भरेपर्यंत मी मोठ्याने आकडे मोजले. मावशींनी मनातल्या मनात मोजले. माझा आकडा त्यांच्यापेक्षा बराच मोठा आला.

"तू घाईनं मोजतं," त्या म्हणाल्या.

त्यानंतर दर आठवड्याला आम्ही घागर लावली. आमचे आकडे कधीच जुळले नाहीत. पण माझा आकडा वाढला नाही आणि त्यांचाही नाही. म्हणजे पाणी कमी होत नव्हतं. पूर्ण वैशाख गेला. ओहोळ मळ्यापर्यंत वाहत राहिला आणि खालच्या न लावलेल्या तुकड्यातून पुढे गावाच्या रस्त्यावर गेला. तिथे म्हशी बसू लागल्या.

मावशी रागावल्या नाहीत. तेच मला जड गेलं. एवढंच म्हणाल्या, "तू तं म्हने पानी जाईन. माही मिरची गेली ना, बापू."

मी रेंजरसाहेबांना विचारलं. त्यांना आश्चर्य वाटलं नाही. "झाडं पाणी पितातही," ते म्हणाले. "एक मोठं झाड दिवसाला किती पाणी ओढतं याचा तू कधी विचार केलास? झाडं कमी झाली, तेवढं पाणी वाचलं. कुठेतरी वाचल्याचं आठवतंय मला."

"पण शिकवताना आम्हाला उलटं सांगितलं, साहेब."

"तेही बरोबर आहे," ते म्हणाले आणि सहीच्या कागदांकडे वळले.

दोन्ही बरोबर कसं असेल? मी सायकलवरून परतताना रस्ताभर तेच घोकत होतो. शेवटी मी एक सोपा मार्ग काढला. जे डोळ्यांनी दिसतंय ते खरं, असं ठरवलं. पाणी वाढलेलं दिसत होतं. मग रेंजरसाहेबांचं खरं.

गावात पारावर लोकांनी मला हेच विचारलं तेव्हा मी तसंच सांगितलं. झाडं पाणी पितात. तोडली की पाणी मोकळं होतं. माझ्या अंगावर खाकी होती आणि शेजारी ओहोळ वाहत होता. याहून मोठा पुरावा कोण मागणार? दोनतीन महिन्यांनी गावाने अर्ज केला, की झिऱ्याच्या वरचा पलीकडचा उतारही तोडीला काढावा, म्हणजे गावाला पाणी आणि सरपण दोन्ही होईल. अर्ज शाळेच्या मास्तरांनी लिहिला. खाली पंधरावीस सह्या आणि अंगठे. मावशींचाही अंगठा होता. मीच तो कागद रेंज कचेरीत नेऊन दिला.

तो उतार तसाही पुढच्या आराखड्यात होता की अर्जामुळे लवकर निघाला, हे मला आजतागायत कळलं नाही. दोन वर्षांनी त्यावर कुऱ्हाड चालली, एवढं खरं.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर हे सगळं अर्धवट राहील. अंजनाचं झाड तोडलं तरी खोडाला फुटवे येतात. ते फुटवे राखले की आठदहा वर्षांत पुन्हा जंगल उभं राहतं. म्हणून तोडलेल्या कुपात बकऱ्या सोडायच्या नसतात, आणि ते पाहणं हे नाकेदाराचं काम. मी ते नीट केलं नाही. गाव माझ्या ओळखीचं झालं होतं. कुणाच्या घरी मी जेवलो होतो, कुणी माझ्या तापात काढा आणून दिला होता. सकाळी बकऱ्या वर जाताना दिसल्या की मी दुसऱ्या पायवाटेने फेरीला निघायचो. त्यांत मावशींच्याही बकऱ्या होत्या. फुटवे वीतभर व्हायचे आणि खाल्ले जायचे. तीन वर्षांत त्या उतारावर अंजनाऐवजी सीताफळाची झुडपं आणि घाणेरी माजली. ही झुडपं बकरी खात नाही.

या काळात झिरा चांगला वाहत होता. मावशींनी खालचा तुकडा पुन्हा लावला, शिवाय पलीकडे थोडी जमीन मळ्यात घेतली. मुलगा बायकोला म्हणायचा, आता आपण बाजारात माळवं डोक्यावर नाही, टेम्पोत नेऊ. घरात चेष्टा चालायची, पण मळा होताच तसा. माझी तिथे शेवटी शेवटी रोजचीच चक्कर असायची.

मग एका भाद्रपदात दुपारी पाऊस आला. आधी आठपंधरा दिवस कोरडे गेले होते, त्यामुळे लोक खुश झाले. मी चौकीच्या ओसरीत होतो. पाऊस सरळ उभा पडत होता, वारा अजिबात नव्हता. तासाभराने डोंगरातून एक आवाज येऊ लागला. मला वाटलं घाटात ट्रक अडकलाय. पण तो आवाज थांबेना, वाढतच गेला. मी छत्री टाकून पळालो.

ओहोळ म्हणून जे होतं त्याची आता नदी झाली होती, आणि ती पाण्याची नव्हती. लाल मुरूम, दगड, मुळं, जुन्या तोडीतले जळके ओंडके, सगळं एकत्र गडगडत खाली येत होतं. मावशी बांधावर उभ्या होत्या. सुनेने त्यांचा पदर घट्ट धरला होता. दोघींना मागे ओढून मी देवळाच्या ओट्यावर नेलं. तिथून आम्ही पाहत राहिलो. मळ्याची वरची ओळ दिसेनाशी झाली, मग मधली.  मागून धावत आलेला मुलगा एकदाच ओरडला, "गेलं!"

पाऊस थांबला तेव्हा संध्याकाळचं ऊन पडलं होतं. मळ्यात गुडघाभर मुरूम आणि त्यात रोवल्यासारखे दगड. एका जागी मिरचीचं एक झाड शेंड्यापर्यंत गाडलं गेलं होतं, आणि शेंड्याला दोन हिरव्या मिरच्या तशाच होत्या.

दुसऱ्या दिवशी मावशी, मुलगा, सून आणि मी असे चौघं झिऱ्यावर गेलो. टाकं सापडेना. चार दिवस उकरलं. चौथ्या दिवशी पाणी लागलं, पण जुन्या सांध्यातून नाही. दोन हात खाली, बाजूला, भलत्याच ठिकाणी. आधी गढूळ, मग निवळ. जेवढं होतं त्याच्या निम्मंही नसेल. मावशींनी ओंजळ भरून तोंडाला लावली आणि म्हणाल्या, "चव बदलली."

मी प्यायलो. मला काही फरक कळला नाही.

त्यानंतरची काही वर्षं पावसानेच दगा दिला. तो दुष्काळ सगळ्या महाराष्ट्राने पाहिला, त्याबद्दल मी वेगळं काय सांगणार? झिऱ्याची धार बारीक झाली, मग तुटली, मग पाषाणावर नुसता ओला डाग राहिला. माकडं तो चाटायची.

आणि गावात प्रत्येकाकडे एक कारण होतं. कुणी म्हणे झाडं तोडली म्हणून. कुणी म्हणे पाऊसच नाही तर झाडं काय करतील, शेजारच्या डोंगराला जंगल आहे, तिथला झरा तरी कुठे वाहतोय? ते खरं होतं. मी जाऊन पाहून आलो होतो. कुणी म्हणे त्या लोंढ्याने पाण्याची वाट बुजवली. देवीचं काही राहून गेलं असंही काही बायका म्हणायच्या. एक म्हातारा विहिरी खोदायचं काम करायचा. त्याने आयुष्यभर डोंगराचे थर आतून पाहिलेले. तो झिऱ्यावर आला, पाषाणावर तळहात ठेवून बसला आणि म्हणाला, "हे पानी या डोंगराचं नव्हतंच."

"मग?" मी विचारलं.

"वरतून येत होतं. घाटावरून, पठारावरून. मुरुमातून चालत चालत इथं पाषानाच्या काठावर निंगत होतं. वर आता इहिरी झाल्या, इंजिनं बसली. थेनं वरच वढून घेतलं."

म्हणजे झाडांचा काही संबंधच नाही? मी दुसऱ्या दिवशी घाट चढून वर गेलो. डोंगराच्या काठाशी लागून वावरं होती, आणि खरोखरच नव्या विहिरी होत्या, तेलाची इंजिनं होती. पण इंजिनं बंद. एका विहिरीत डोकावलो तर तळाला चिखल. मालक बांधावर बसला होता. माझी खाकी पाहून तोच उठून अंगावर आला.

"तुमीच काय खालचे नाकेदार? खाली सारं जंगल तोडून टाकलं तुमच्या खात्यानं, म्हनून आमच्या इहिरी आटल्या!"

मी त्याला म्हणणार होतो की खालचे लोक तुझ्या विहिरीला दोष देतायत. पण तिथून वळलो. डोंगराच्या काठावर जाऊन उभा राहिलो. एका बाजूला कोरडी विहीर, दुसऱ्या बाजूला खाली कोरडा झिरा, आणि मध्ये आम्ही तोडलेला उतार. पाणी वरून खाली जात होतं की खालचं जंगल वरचं पाणी थोपवून धरत होतं? मी तिथे बराच वेळ होतो. मला खरोखर काहीही समजलं नाही. 

त्या संध्याकाळी मावशी चौकीवर आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. ओसरीच्या पायरीवर बसल्या. पाणी दिलं ते प्यायल्या नाहीत.

"भाऊ, तू शिकेल हायेस. सरकारचा मानूस हायेस. मले एक सांग. माहं पानी कोनं नेलं?"

मी म्हणालो, "मला माहीत नाही, मावशी."

"पैल्या खेपेला तू म्हनला जाईन, तं वाढलं. मंग म्हनला झाडं तोडली का वाढते, तं गेलं. आता म्हनतं माहीत नाई." त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्या खरंच विचारत होत्या. "थे दोन्ही टायमाले तुले माहीत होतं काय?"

"तेव्हा वाटत होतं माहीत आहे."

"आन आता?"

"आता तेवढंही वाटत नाही."

त्यांनी पाण्याचा तांब्या बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, "मळ्यात इहीर खोदावी म्हनते पोरगा. पानी लागन काय?"

माझ्या तोंडावर आलं होतं की लागेल. त्यांना बरं वाटावं म्हणून. पण मी म्हणालो, "मावशी, मला विचारून काही करू नका."

त्या उठल्या. "मंग कोनाले इचारू?" म्हणाल्या आणि निघून गेल्या.  त्यांनी ते रागाने म्हटलं की सहज, हे मला कळलं नाही.

विहीर त्यांनी खोदली नाही. दुष्काळी कामं निघाली तेव्हा आमच्या खात्याने त्याच उतारावर रोपवनाचं काम काढलं. समतल चर खणायचे, खड्डे घ्यायचे, पावसाळ्यात साग लावायचा. हजेरीचं पुस्तक माझ्याकडे होतं. पहिल्याच दिवशी मावशी सुनेबरोबर कुदळ घेऊन आल्या. आपल्याच झिऱ्याच्या डोक्यावर त्यांनी दोन महिने खड्डे खणले. मुरूम भाजल्यासारखा कडक होता. दुपारी त्या सीताफळाच्या तुटक्या सावलीत बसायच्या. मी पाण्याचा ड्रम जरा त्यांच्या बाजूला ठेवायला सांगायचो. त्याहून जास्त काही मला करता येत नव्हतं.

एकदा त्यांनी चराकडे बोट दाखवलं. "यात पानी जिरते म्हनतात."

"म्हणतात," मी म्हणालो.

"तू नाई म्हनत?"

"जिरेल कदाचित."

त्या हसल्या. किती दिवसांनी. "आता शिकला तू," म्हणाल्या. ती शाबासकी होती की टोमणा, कोण जाणे.

साग लावला. उतार बंद केला आणि या वेळी मी बकऱ्या एकदाही वर जाऊ दिल्या नाहीत. लोक माझ्याशी बोलेनासे झाले. मावशींनी बकऱ्या विकल्या. मळ्यातले दगड मुलाने एका कडेला रचले आणि तिथे ज्वारी पेरली, पावसावरची. पुढच्याच वर्षी माझी बदली झाली. निघताना मी त्यांच्या घरी गेलो, पण त्या बाजाराला गेल्या होत्या. सुनेने चहा दिला.

नंतर मी वनपाल झालो. बुलढाण्यातून अकोल्याकडे, मग परत. बऱ्याच वर्षांनी नव्या नाकेदारांच्या शिबिरात मला बोलायला सांगितलं. झाडं आणि पाणी हाच विषय. मी त्यांना झिऱ्याची सगळी हकिकत सांगितली, जशी घडली तशी. एका पोराने उभं राहून विचारलं, "मग साहेब, झऱ्याच्या वरची झाडं तोडायची की नाही?"

मी म्हणालो, "नाही तोडायची."

"पाणी जातं म्हणून?"

"माहीत नाही. तरी नाही तोडायची."

पोरं हसली. शिबिर घेणाऱ्या साहेबांनी घड्याळ पाहिलं. माझं उत्तर अर्धवट होतं हे मलाही कळत होतं, पण पूर्ण उत्तर माझ्यापाशी नव्हतं.

निवृत्तीच्या सुमारास मी एकदा मुद्दाम तिकडे गेलो. मोताळ्याला एसटीतून उतरून जीपने गावापर्यंत. उतारावर साग चांगला उभा राहिला होता, ओळीत. त्याखाली गवत मात्र नव्हतं, नुसती वाळकी पानं. मावशी होत्या. पार वाकल्या होत्या, डोळ्यांनी कमी दिसत होतं, पण आवाजावरून ओळखलं.

"नाकेदार? ये बापू, बस."

मी आधी झिऱ्याचं विचारलं.

"मधी सात आठ वर्सं नव्हता. मंग आला. मंग पुन्हा गेला. यंदा हाये," त्या म्हणाल्या. "काऊन आला, काऊन गेला, कोनालेच नाई ठाव. पोरगा म्हनते साग मोठा झाला म्हनून आला. शेजारचा म्हनते पाऊस बरा झाला म्हनून. मी म्हनतो आला ना, भरून घ्या."

मग मी ते बोललो, जे इतकी वर्षं मनात होतं. म्हणालो, "मावशी, पारावर मी बोललो नसतो तर तुम्ही अर्ज केला नसता. दुसरा उतार तोडला गेला नसता. तुमचा मळा..."

त्यांनी हात हलवला. "तू बोलला म्हनून कोनं अर्ज केला? लोकायले सरपन पायजे होतं. बकऱ्यायले रान मोकळं पायजे होतं. मलेही पायजे होतं. तुह्यं बोलनं आमच्या कामी आलं, बस."

मला हे नवीन होतं. इतकी वर्षं मी जे ओझं माझं समजत होतो ते त्यांनी असं उचलून सगळ्यांत वाटून टाकलं. पण ते खरं होतं का? की पाहुणा म्हणून आलेल्या म्हाताऱ्या माणसाला बरं वाटावं म्हणून त्या बोलल्या? मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांना माझा चेहरा नीट दिसत नव्हता, आणि मला त्यांचा वाचता येत नव्हता.

"खरं सांगता का?" मी विचारलं.

"हाव," त्या म्हणाल्या, आणि सुनेला चहाला हाक मारली.

चहा होईपर्यंत आम्ही दुसरंच बोललो. मोताळ्याचा बाजार आता कुठे भरतो, माझ्या मुली कुठे दिल्या, त्यांच्या गुडघ्यांचं काय. जीपवाल्याने बाहेरून दोनदा हॉर्न दिला. मी उठलो आणि त्यांच्या पाया पडलो. झिरा पाहायला वर जायचं ठरवून आलो होतो, पण त्या दिवशी माझी पावलं तिकडे वळली नाहीत.